वसंतअण्णांची ओली खोली

हेब्बाळला घर बघायला गेलो तेव्हा वसंतअण्णांनी आम्हाला जात विचारली नाही, मांसमच्छी खाता का विचारलं नाही, नोकरीचे कागदही मागितले नाहीत. फाटकाच्या आतच उभं राहून म्हणाले, "डासांची कॉइल लावता?"

"नाही."

"झुरळांचा फवारा? फिनाइल? धूप?"

निखिलनं, माझ्या नवऱ्यानं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "उदबत्ती लावते कधीतरी. सणासुदीला."

"सणाला असू दे. खिडकी बंद करून लावायची. सरी? ठीक?"

एवढं झाल्यावर त्यांनी फाटक उघडलं. वरच्या मजल्याची किल्ली कुठली, पाणी किती वाजता येतं, कचरेवाला कधी येतो हे सगळं त्यांच्या बायकोनं, सुमाक्कांनी सांगितलं. सांगता सांगता त्या दोनदा खोकल्या. कोरडा, लहानसा खोकला. पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "धूळ ग. बंगळूरची धूळ."

पुढची तीन वर्षं आम्ही त्या घरात राहिलो. अण्णा तेव्हा पासष्टीच्या आसपास असतील. हडकुळे, पाठीत ताठ, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. एक लिहायचं आणि एक पाण्यातले क्षार मोजायचं. हे दुसरं पेन ते कशातही बुडवायचे. पहिल्यांदा वर आले तेव्हा मी दिलेल्या पाण्याच्या भांड्यातच बुडवलं, चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचला आणि भांडं तसंच खाली ठेवलं. "माणसाला चालतं हे," ते म्हणाले. "झाड मरेल."

त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, पण माझ्या पुण्याच्या कानाला ती सुरुवातीला नीट लागायचीच नाही. "स्वल्प सरका," "मला कॉफी बेडा," असं सगळं त्यात मिसळलेलं. बेडा म्हणजे नको. सुमाक्का निपाणीच्या, त्यांची मराठी आणखी निराळी. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली तरी दोघं एकमेकांच्या शब्दांना हसायची.

अण्णांनी सगळी नोकरी एका सरकारी कारखान्यात केली. मोजणारी यंत्रं बरोबर मोजतायत की नाही, हे तपासायचा विभाग. "मोजणाऱ्याला मोजणारा मी," अशी ते स्वतःची ओळख करून द्यायचे. ती सवय हाडात गेली होती. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातला वजनकाटा सातशे ग्रॅम जास्त दाखवतो म्हणून त्यांनी तिथंच फरशीवर बसून तो उघडला होता आणि दुकानदाराची गिऱ्हाइकं अर्धा तास त्यांच्याभोवती उभी होती. काटा नीट करून उठताना ते म्हणाले होते, "आकडा खोटं बोलत नाही हं. वाचणारा बोलतो." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. रक्ताच्या रिपोर्टपासून निवडणुकीपर्यंत कुठंही चालायचं.

खालच्या मजल्यावर दोन खोल्या, मधे हॉल, मागे स्वयंपाकघर. उत्तरेकडची मोठी खोली खरं तर त्यांची झोपायची. तिथं आता माणसं झोपत नव्हती. दाराला काच बसवलेली, काचेवर आतून कायम वाफ. आम्ही राहायला येऊन महिना झाला तेव्हा अण्णांनी मला तिथं नेलं. आधी हात धुवायला लावले, साबणाशिवाय. मग दार अर्धंच उघडून म्हणाले, "पटकन आत. ओल जाते."

आतली हवा गार आणि जड होती. तळ्याकाठच्या कुजक्या पानांचा असतो तसा वास. कोपऱ्यात दोन यंत्रं धुकं सोडत होती, ते जमिनीवरून सरकत घोट्यापर्यंत आलं होतं. वर पांढरे दिवे, भिंतीत एसी, आणि छताच्या गजांना, फळ्यांवर, टेबलावर सगळीकडे घटपर्णी. पानाच्या टोकाला दोरीसारखा तंतू, तंतूच्या टोकाला सुरई. बोटाएवढ्या, वीतभर, काही कोपरापर्यंत लांब. हिरव्या, काळपट जांभळ्या, रक्ताचे शिंतोडे उडाल्यासारख्या ठिपक्यांच्या. प्रत्येकीवर वर उचललेलं झाकण. अण्णा त्यांना कन्नडमध्ये 'हूजी' म्हणायचे, हूजी म्हणजे सुरई. शंभरावर झाडं होती. बोर्निओच्या डोंगरातली, सुमात्राची, बिया मागवून वाढवलेली. एका बीचं हाताएवढं झाड व्हायला पाच-सहा वर्षं लागतात, हे त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं.

टॉर्च लावून त्यांनी एका सुरईत मला डोकवायला लावलं. तळाशी चहासारखं पाणी, त्यात मुंग्या, झुरळाचे पंख, आणि एक पालीचं पिल्लू. पिल्लाचं नुसतं कातडं उरलं होतं.

"कडेला मध असतो बघा," अण्णा म्हणाले. "मुंगी येते, खाते. कड कोरडी असली की पाय घसरत नाही. ती घरी जाते, दुसऱ्यांना सांगते. मग सगळ्या येतात. तोवर कड ओली झालेली असते." थोडं थांबून म्हणाले, "पहिलीला सोडावंच लागतं. त्याशिवाय बाकीच्या यायच्या नाहीत."

दाराशी सुमाक्का कॉफी घेऊन उभ्या होत्या. त्या आत आल्या नाहीत. नाकाला पदर लावून हसत म्हणाल्या, "हे ऐकून तुझी कॉफी थंड झाली बघ."

त्यांची झोपायची जागा हॉलमध्ये होती, त्या खोलीच्या भिंतीला लागून. भिंत पोपडे धरलेली. कपाटामागं काळे डाग पसरले होते, दर पंधरवड्याला त्या व्हिनेगरच्या फडक्यानं पुसायच्या. ब्लीच चालायचं नाही, वाफ झाडांना लागते. पुसताना खोकायच्या आणि खोकला आला की स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहायच्या, कारण धुक्याच्या यंत्राच्या आवाजाकडे अण्णांचा कान असायचा. त्यात दुसरा आवाज मिसळला की ते वैतागायचे.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये दुपारी वीज गेली. आमच्या गल्लीचा ट्रान्स्फॉर्मरच जळाला होता, संध्याकाळपर्यंत काही येणार नाही म्हणाले. मी घरून काम करत होते, लॅपटॉप बंद पडला म्हणून खाली गेले तर अण्णा चादरी भिजवत होते. यंत्रं बंद, एसी बंद, खोली तापायला लागली होती. मी स्कूटर काढून बर्फ आणायला गेले. दोन फेऱ्या केल्या. सुमाक्का बादलीत चादर बुडवायच्या, पिळायच्या नाहीत, तशीच जड उचलून अण्णांकडे द्यायच्या आणि अण्णा ती झाडांभोवती दोरीवर टाकायचे. चौथ्या का पाचव्या चादरीला सुमाक्का मोरीच्या पायरीवर बसल्या. बसल्या म्हणजे पाय मुडपून खाली आल्या. ओठ निळसर झाले होते. श्वास घेताना गळ्याच्या खालची खळगी आत जात होती.

"अण्णा," मी हाक मारली, "अक्कांना बघा."

ते आतून म्हणाले, "ओल बासष्टवर आली. साठच्या खाली नाही जाऊ द्यायची. स्वल्प थांबा."

मी अक्कांची पाठ चोळत बसले. पाच-सात मिनिटांनी त्यांचा श्वास जागेवर आला. उठून त्यांनी पुढची चादर बुडवली.

संध्याकाळी वीज आली. तीन झाडं गेली. अण्णा त्यांच्या कुंड्या मांडीवर घेऊन पुढच्या ओट्यावर बसले होते आणि सुमाक्का त्यांच्या शेजारी बसून, मधूनमधून खोकत, त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मी वरून बघत होते. मला त्या माणसाचा राग आला नव्हता, हे मला आजही कबूल करावं लागतं. मला त्यांची दया आली होती.

त्या वर्षीच्या डिसेंबरात सुमाक्का भाचीच्या लग्नाला निपाणीला गेल्या. आठ दिवसांसाठी गेलेल्या, भावजयीच्या पायाचं हाड मोडलं म्हणून दीड महिना राहिल्या. परत आल्या त्या दिवशी दारावर टकटक झाली. बघते तर सुमाक्का, हातात शेंगाच्या चटणीचा डबा. चोवीस पायऱ्या चढून आल्या होत्या आणि बोलत होत्या. एकदाही न थांबता, नवरीच्या साडीबद्दल, वऱ्हाडाच्या बसबद्दल, भावजयीच्या कुरकुरीबद्दल. गालांवर रंग होता. मी त्यांचा असा सलग आवाज पहिल्यांदाच ऐकत होते.

"खोकला गेला की अक्का."

"गेला बघ. चारसहा दिवसांतच गेला. तिकडचं पाणी."

पाचव्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले तेव्हा खालून तो आवाज आला. कोरडा, लहानसा. रविवारपर्यंत त्या फाटकापर्यंत जाऊन परत येतानाही कठड्याला धरून उभ्या राहू लागल्या.

हे समजायला डॉक्टर लागत नव्हता. अण्णा दूध आणायला गेलेले बघून मी खाली गेले आणि सरळ म्हटलं, "अक्का, हे त्या खोलीमुळं होतंय."

त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही.

"मला काय कळत न्हाई व्हय?"

"मग?"

बराच वेळ त्या खडे वेचत राहिल्या. मग सांगू लागल्या. अण्णांचा विभाग एका दिवसात बंद झाला होता. नवी यंत्रं स्वतःच स्वतःला तपासतात म्हणे, माणूस कशाला. आठ वर्षं नोकरी शिल्लक असताना ते घरी आले आणि हॉलमधल्या खुर्चीवर बसले. वर्षभर बोलले नाहीत. भांडण नाही, रडणं नाही. जेवायला बोलावलं की येऊन जेवायचे, मीठ हवं असलं तर बोट दाखवायचे.

"वरीसभर, मेघा," त्या म्हणाल्या. "मी ह्या घरात एकटीच बोलायची. भांड्यांशी बोलायची. एकदा मुद्दाम हात भाजून घेतला. म्हटलं आता तरी 'अगं' म्हणतील. मलम आणून दिलं, बोलले न्हाईत." त्यांनी सूप खाली ठेवलं. "मग लालबागेकडच्या एका नर्सरीत मला ते झाड दिसलं. सुरई लटकलेली बघून गंमत वाटली म्हणून मीच घेऊन आले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे परतालते, आणि हे मागून म्हणाले, 'सुमा, झाकण उघडलं बघ.'"

त्यांचे डोळे कोरडेच होते. माझेच भरून आले.

"खोकल्याचं काय ग, खोकल्यात माणूस जगतंय. तू ह्यांना काय सांगायचं न्हाईस. माझी शपथ हाय तुला."

मी शपथ घेतली नाही, पण सांगितलंही नाही. ते एकच.

पुढच्या पावसाआधी त्यांचं वजन फार उतरलं. मीच मागं लागून दोघांना गाडीत घालून एका फुप्फुसाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होत्या, शांत होत्या. छातीचा फोटो उजेडाला धरून त्यांनी सुमाक्कांना एकेक प्रश्न विचारला, कन्नडमध्ये, सावकाश. घरात कबुतरं येतात का. पोपट पाळलाय का. कुलर आहे का. भिंतीला ओल, बुरशी? हवेत पाणी सोडणारं काही यंत्र?

प्रत्येक प्रश्नाला सुमाक्का "इल्ला" म्हणाल्या. नाही.

डॉक्टरांनी अण्णांकडे बघितलं. "तुम्ही सांगा. घर ओलं आहे का?"

मी त्यांच्या मागं दाराशी उभी होते. अण्णांच्या मानेची शीर मला दिसत होती. त्यांनी खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं.

"कोरडं आहे," ते म्हणाले. "घर कोरडं आहे, डॉक्टर."

मी तोंड उघडलं असतं तर? हा प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारला असेल. दोन मोठी माणसं एका सुरात नाही म्हणत होती आणि मी वरच्या मजल्यावरची भाडेकरू होते, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजायचं छोटं यंत्र घ्यायला सांगितलं, रोज सकाळी मोजा म्हणाल्या, नव्वदच्या खाली गेलं की लगेच या.

पंधरा दिवसांनी एका सकाळी अण्णा फाटकाला तेल घालत होते. मी आता राहवत नाही म्हणून जवळ गेले.

"अण्णा, तुम्ही डॉक्टरांना खोटं का सांगितलंत?"

त्यांनी तेलाची बाटली बंद केली. चिडतील असं वाटलं होतं. चिडले नाहीत. "थांबा," म्हणाले, आत गेले आणि एक वही घेऊन आले. कारखान्यातली असावी, लांबट, चौकटी आखलेली. प्रत्येक पानावर तारखा, आणि तारखेपुढे तीन रकाने. खोलीतली ओल किती. नव्या सुरया किती धरल्या, किती वाळल्या. तिसऱ्या रकान्याच्या डोक्यावर लिहिलं होतं, 'सुमा'. त्याखाली रोजचा प्राणवायूचा आकडा. त्र्याण्णव. चौऱ्याण्णव. त्र्याण्णव.

"मला ठाऊक आहे कशानं होतं ते," अण्णा म्हणाले. "तिला वाटतं मला ठाऊक नाही. मी ओल रोज स्वल्प स्वल्प उतरवतोय. पंच्याऐंशीवर होती. ऐंशीवर आणली, पंचाहत्तरवर आणली. सत्तरला सुरया धरत नाहीत. तंतू येतो आणि टोकाला काळा पडतो." त्यांनी बोट तिसऱ्या रकान्यावर ठेवलं. "हिचा आकडा बघा. धरून आहे. म्हणजे कुठंतरी एक जागा आहे जिथं दोन्ही राहतात. ती सापडली पाहिजे. मी घाईत डॉक्टरला सांगितलं असतं तर ती सगळंच फेकायला लावती."

"गच्चीवर नेता येणार नाहीत का?"

"गच्चीवर पानं येतील. सुरई येणार नाही."

ते वेडे नव्हते. आवाज शांत होता, वही स्वच्छ होती. आपल्या बायकोवर त्यांचं प्रेम आहे याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. आणि तरी ते तिला त्या रकान्यात बसवून एकेक टक्का खाली उतरत होते.

"अण्णा, हे बंद करा," मी म्हटलं. "आजच."

"आणखी पंधरा दिवस," ते म्हणाले. "आकडा उतरला तर मी स्वतः बंद करीन. माझा शब्द."

आकडा कसा घेतला जायचा ते मला माहीत होतं, वर माझ्या खिडकीत रोज ऐकू यायचं. सकाळी सातला अण्णा ओल्या खोलीत असायचे, आतून विचारायचे, "सुमा, किती?" सुमाक्का हॉलमध्ये बोटाला यंत्र लावून बसायच्या आणि बाहेरून ओरडून सांगायच्या. मग आत वहीवर पेन चालायचं. त्यांचा तो रोजचा संवाद होता. ऐकताना एखाद्या घरातला साधा सकाळचा आवाज वाटायचा.

पंधरा दिवस झाले नाहीत. जुलैत तीन दिवस सतत भुरभुर होती, खिडक्या बंद, घरभर दमट. गुरुवारी सकाळी सातला प्रश्न आला, "सुमा, किती?" आणि उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा प्रश्न आला. मग काचेचं दार जोरात उघडल्याचा आवाज. त्या दाराचा तसा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

मी खाली पोचले तेव्हा सुमाक्का खुर्चीवर पुढे वाकून बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड उघडं. बोलता येत नव्हतं. यंत्र मांडीवर पडलं होतं. अण्णा त्यांच्यासमोर जमिनीवर बसून "अगं, अगं" एवढंच म्हणत होते. निखिल गावात नव्हता. मी आणि अण्णांनी त्यांना उचलून गाडीत ठेवलं.

इस्पितळात नर्सनं त्यांच्या बोटाला चिमटा लावला. पडद्यावर एकोणऐंशी आलं. तिनं बोट बदललं. अठ्ठ्याहत्तर.

"यंत्र बिघडलंय," अण्णा म्हणाले. "काल सकाळी चौऱ्याण्णव होतं. मी लिहिलंय."

नर्सनं दुसरं यंत्र आणलं. तेच. तिनं तोंडावर मुखवटा चढवला, प्राणवायू सुरू केला, आणि मग आधीच्या त्याच डॉक्टर, शांत बोलणाऱ्या, आत आल्या. त्यांनी विचारलं, "चौऱ्याण्णव कुणी वाचलं?"

अण्णांनी सुमाक्कांकडे बघितलं. सुमाक्कांनी मान भिंतीकडे वळवली.

मी तिथं होते म्हणून सांगते. नर्स नळी नीट करत होती. अण्णा खिशावर हात ठेवून उभे होते आणि मग पलंगाच्या कडेवर बसले. किती दिवस ती आकडा वाढवून सांगत होती, किती वाढवून, हे त्यांनी तेव्हा विचारलं नाही. माझ्या माहितीप्रमाणे नंतरही कधी विचारलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. खोली, झाडं लावलेल्या ओल्या शेवाळाच्या कुंड्या, दोन यंत्रं, किती तास चालतात, पाण्याची टाकी कितीदा धुतो. अगदी व्यवस्थित, एकही गोष्ट न लपवता. डॉक्टर लिहून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बुरशीनं फुप्फुसाला सूज येते. एकाला येते, त्याच घरातल्या दुसऱ्याला येत नाही. वेळेत बाहेर काढलं की बरं होतं." पुढचं वाक्य त्यांनी बोलायचं टाळलं आणि फोटोतले पांढरे पट्टे दाखवले. ते व्रण होते. व्रण जात नाहीत.

सुमाक्का तीन आठवडे इस्पितळात होत्या. अण्णा पहिल्या संध्याकाळीच घरी येऊन सरळ त्या खोलीत गेले. एकेक बटण बंद होताना मला वर आवाज कळत होता. आधी यंत्रं, मग एसी, शेवटी दिवे. खिडकीची लाकडी फळी कित्येक वर्षांपूर्वी ठोकून बंद केलेली, ती त्यांनी पहारीनं उचकटली.

बातमी कशी पसरते कोण जाणे. शहराच्या दुसऱ्या टोकाहून, एचएसआर लेआउटमधून एक गृहस्थ गाडी घेऊन आले, अशी झाडं वाढवणाऱ्यांचा त्यांचा गट होता. झाडं मरू देऊ नका, आम्ही नेतो, सांभाळतो, अशी हात जोडून विनंती करत होते. अण्णांनी फाटक उघडलं नाही.

"घरी कोण कोण आहे तुमच्या?" त्यांनी विचारलं.

"मिसेस आहे. मुलगी आहे. आई आहे."

"बेडा," अण्णा म्हणाले आणि आत निघून आले.

सुरया वरून वाळत गेल्या. आधी कड तपकिरी, मग झाकण, मग पोटापर्यंत. आतलं पाणी आणि त्यातलं जे काही होतं ते खाली गळून फरशीवर डाग पडले. दहा-बारा दिवस घरभर वास होता. अण्णा दार उघडं टाकून हॉलमधल्या खुर्चीवर बसून बघत असायचे. मी जेवण घेऊन जायचे. जेवायचे. मीठ हवं असलं तर बोट दाखवायचे. ते बघून मात्र मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

सुमाक्कांना त्या घरात परत आणायचं नव्हतं. विमानतळाच्या बाजूला, देवनहळ्ळीपलीकडे, शेतं मोडून प्लॉट पाडलेत तिकडे, अण्णांच्या चुलतभावाचं एक लहान रिकामं घर होतं. कोरडी, उघडी हवा. ऑगस्टअखेर दोघं तिकडे गेली. आम्हीही लवकरच ते घर सोडलं.

मी त्यांना भेटायला गेले ते दिवाळीनंतर. लाल मातीचे चौकोन, दगड रोवलेल्या सीमा, मधे एखाददुसरं घर. डोक्यावरून विमानं इतकी खालून जात होती की बोलणं थांबवावं लागायचं. सुमाक्का खुर्चीत होत्या, नाकात नळी, कोपऱ्यात प्राणवायूचं यंत्र धडधडत होतं. फारच वाळल्या होत्या. पण माझ्यावर रागावल्या, एवढ्या उशिरा आलीस म्हणून, आणि तीन-तीन शब्दांनी थांबत निपाणीच्या बातम्या सांगितल्या. अण्णांनी कॉफी केली. माझ्यासमोर पेला ठेवला. ते मला काही म्हणाले नाहीत. त्यांचं बोलणं कितपत परत आलंय, हे मला त्या दोन तासांत कळलं नाही, आणि सुमाक्कांना विचारायचा धीर झाला नाही.

निघताना त्या म्हणाल्या, "फाटकापातुर येते."

"नको अक्का."

"येते म्हटलं न्हवं."

मी पुढे जाऊन फाटकाशी थांबले, मागं वळून बघितलं. सुमाक्का ओट्याची पायरी उतरत होत्या, एक हात कठड्यावर. त्यांच्या मागं दोन पावलांवर अण्णा होते. लांबलचक पारदर्शक नळीची वेटोळी त्यांनी डाव्या हातावर घेतली होती आणि उजव्या हातानं ती एकेक करून मोकळी सोडत होते, उंबऱ्याला अडकू नये, पायात येऊ नये, ताण बसू नये म्हणून. त्यांची नजर फक्त त्या नळीवर होती. सुमाक्का माझ्याकडे बघत चालत होत्या. वरून एक विमान गेलं, त्याच्या आवाजात त्या काहीतरी बोलल्या, मला ऐकू आलं नाही, अण्णांनी मात्र मान हलवली.

फाटक अजून आठ-दहा पावलं लांब होतं. अण्णांच्या हातातलं शेवटचं वेटोळं सुटलं. नळी जमिनीवरून उचलली जाऊन दारापासून त्यांच्या बोटांपर्यंत सरळ झाली. सुमाक्कांना ते दिसलं नव्हतं. त्यांनी पुढचं पाऊल उचललं होतं.